सुट्टीनंतरचं भांडण

फिलू, नाताळच्या सुट्टीभर तुझा फोटो 'शाळेत'च होता.

तुझ्या वर्गातला तो हिरवा तक्ता तूच केलेला. डावीकडे 'शाळेत', उजवीकडे 'घरी', आणि प्रत्येकाचा एकेक फोटो, मागे वेलक्रोची पट्टी. मुलांनी सकाळी आल्यावर आपला फोटो डावीकडे लावायचा, निघताना उजवीकडे. टीचरनीसुद्धा. "आपण नाही केलं तर पोरं कशाला करतील?" असं म्हणत तूही रोज स्वतःचा फोटो इकडून तिकडे न्यायचीस. सुट्टी लागली त्या दिवशी मात्र विसरलीस, कारण आपण भांडत होतो. भांडत भांडत वर्गाला कडी घातली, भांडत भांडत मरोळ नाक्यापर्यंत चालत आलो. मेट्रोच्या जिन्याखाली तू दोन्ही हात वर केलेस आणि म्हणालीस, "बस यार नैना, डोकं नको खाऊ. सुट्टी संपू दे, मग भांडू." आणि गावठाणाच्या गल्लीत वळलीस. त्यानंतर तुला पाहिलं ते चर्चमध्ये.

तुझ्या भावाचा फोन आला तेव्हा मी घाटकोपरला, घरी, मेथी निवडत बसले होते. "फिलोमिना गेली," तो म्हणाला. फिलोमिना कोण, हे कळायला मला जरा वेळ लागला. मग कळलं, आणि मी वेड्यासारखं विचारलं, "कुठे?" तो बिचारा काय सांगणार?

चर्चमध्ये सगळे तुझ्याबद्दल फार चांगलं बोलत होते. देवमाणूस होती. या विशेष मुलांसाठी आयुष्य वाहिलं. तू ऐकलं असतंस तर तिथेच उठून बसली असतीस. "वाहिलं काय? पगार घेते ना मी?" हे तुझं ठरलेलं उत्तर. मी मागच्या बाकावर बसून मनात तेच म्हणत होते आणि मला हसू येत होतं, आणि शेजारच्या बाईला वाटलं मी हुंदका देतेय, म्हणून तिनं मला रुमाल दिला. मग खरंच रडू आलं. सगळ्यांकडे तुझी एखादी गोड आठवण होती. माझ्याकडे एक अर्धवट भांडण होतं. ते मी कुणाला सांगणार होते?

शेवटचं बघायला पुढे आले तेव्हा तुझे हात दिसले. छातीवर एकत्र आणलेले, मध्ये रोजरीची जपमाळ. टाळी वाजवायच्या आधी हात जसे जवळ येऊन थांबतात ना, तसे. माझ्यानं तिथे उभं राहवेना.

कारण भांडण टाळ्यांचंच होतं.

तुझी टाळी म्हणजे सगळ्या शाळेची घंटा होती. कुणी बुटाची नाडी बांधली, टाळी. कुणी डबा स्वतः उघडला, टाळी. कुणी न रडता बाथरूमला जाऊन आलं, त्यावरही टाळी. तू सुरू करायचीस आणि तुझा अख्खा वर्ग तुझ्यामागे वाजवायचा, आणि सुहानी उठून नटीसारखी वाकून सगळ्यांचे आभार मानायची, टाळ्या तिच्यासाठी असोत वा नसोत. वरच्या मजल्यावर माझा वर्ग. तिथे पडदे ओढलेले, भिंती मोकळ्या, मुलं मोजकी, आणि बोलणं जेवढ्यास तेवढं. माझी सगळी मुलं ऑटिझमची, तुझी बौद्धिक अक्षमतेची. खालून तुझ्या टाळ्यांचा आवाज आला की माझ्याकडची दोघं-तिघं कानावर हात ठेवायची. मी तुला सांगायचे, तू म्हणायचीस, "तुझी मुलं संत आहेत गं, समाधी लावतात. माझी जत्रेतली आहेत." आणि आपण हसायचो.

आर्या तुझ्या जत्रेत होती. आरे कॉलनीतल्या गोठ्यात काम करणाऱ्या वडिलांची ती धाकटी. सकाळी आईबरोबर बसमधून झाडीतल्या रस्त्यानं यायची, खिडकीला नाक लावून. तिच्या प्रमाणपत्रावर बौद्धिक अक्षमता असं लिहिलंय, तीही बऱ्यापैकी तीव्र. बोलणं जवळजवळ नाही. दोन चित्रं समोर ठेवून 'चमचा दे' म्हटलं की ती वाटी देते. 'वाटी दे' म्हटलं की चमचा. तपासणीला नेलं तिथेही, मुलांना खुलवायला टाळ्या वाजवणाऱ्या बाईंसमोर, तेच झालं होतं, म्हणून तर बुद्ध्यांकाचा तसा आकडा आला. तुझं तिच्यावर प्रेम होतं. तू तिला वर्षानुवर्षं चमचा आणि वाटी शिकवत राहिलीस, एकदाही न वैतागता. हे मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही.

मग गणपतीनंतर तू ओल्या पायरीवरून घसरलीस आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. तरी शाळेत आलीसच. आणि टाळ्या बंद झाल्या, कारण वाजवणार कशी? तू सुरू केल्याशिवाय मुलंही वाजवत नव्हती. हस्तकलेच्या तासाला मी खाली यायचे तुझ्या मदतीला, म्हणून मला दिसलं. एका दुपारी तू आर्याला म्हणालीस, "चमचा दे," आणि तिनं चमचा दिला. तू माझ्याकडे बघितलंस. मग वाटी मागितलीस, तिनं वाटी दिली. कंगवा, कुलूप, साबण. सगळं बरोबर. तू प्लास्टरचा हात कपाळावर मारून घेतलास आणि स्वतःच ओरडलीस, "आई गं!"

ते दिवस किती मजेचे गेले फिलू. तू सगळ्या शाळेला सांगत सुटली होतीस. मोठ्या बाईंना ऑफिसातून ओढून आणलंस. आर्याच्या आईला फाटकातच मिठी मारलीस, एका हातानं. ती बाई घाबरलीच. मग म्हणाली, "मॅडम, घरी ती देतेच हो बरोबर. इथे काय करते मला काय माहीत."

प्लास्टर निघालं. दुसऱ्या दिवशी चमचा मागितलास, तिनं चमचा दिला, आणि तुझ्या दोन्ही हातांची, इतक्या आठवड्यांची साठलेली टाळी वाजली. त्यानंतर चमचा मागितला की पुन्हा वाटी.

तू म्हणालीस, "तिला माझ्या प्लास्टरची दया आली होती." मला मात्र त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या एक साधी गोष्ट सुचली. ज्या मुलाला खरंच कळत नाही, ते दोनातलं एक उचलताना अधूनमधून चुकून तरी बरोबर उचलतं. आर्या इतक्या वर्षांत चुकूनसुद्धा बरोबर आली नव्हती. नेहमी चुकायचं असेल तर बरोबर कुठलं ते आधी ठाऊक असावं लागतं. आणि बरोबर दिलं की इथे टाळ्या वाजतात.

सकाळी शाळा भरायच्या आधी मी तुला हे सांगितलं. तू तक्त्याजवळ उभी होतीस, स्वतःचा फोटो हातात. तो डावीकडे दाबून बसवलास. मग म्हणालीस, "म्हणजे माझी टाळी तिला छडी वाटते?"

मी म्हटलं, "छडी नाही गं. आवाज. तिच्या कानांना तो सोसत नाही. हा ऑटिझम आहे फिलू. तिला पुन्हा तपासायला हवं, नीट, शांत खोलीत, कुणी शाब्बास न म्हणता. आणि तिला वर माझ्याकडे दे."

तेव्हापासून जे सुरू झालं ते सुट्टी लागेपर्यंत चाललं. लोकांना वाटेल, त्यात भांडण्यासारखं काय होतं? तू अडाणी नव्हतीस. कोर्स आपण दोघींनीही केलेला, पुस्तकं दोघींनी वाचलेली. तुला फरक कळत नव्हता असं मी एक दिवसही मानलं नाही. तुझं म्हणणं वेगळंच होतं, आणि ते मला अजून खुपतं.

एकदा टपरीवर कटिंग चहा पिताना मी आर्याच्या आईला उत्साहानं सांगत होते, "अहो, ती मतिमंद नाहीच. ती तशी नाहीये." आई डोळे पुसत होती. ती गेल्यावर तू ग्लास खाली ठेवलास. "तशी म्हणजे कशी गं?" तू विचारलंस. "सुहानी आहे तशी? तू जेव्हा म्हणतेस ना 'ती तशी नाही', तेव्हा जी 'तशी' आहेत ती तिथेच बसलेली असतात माझ्या वर्गात. ऑटिझम म्हटलं की आईबाप मान वर करतात. मतिमंद म्हटलं की खाली घालतात. आणि तू, इतकी शिकलेली, तूसुद्धा तेच विकतेस."

मला इतका राग आला होता. मी म्हटलं, रीत बदलते फिलू, शिकवायची रीत बदलते. सुहानीला दहादा करून दाखवलं, टाळी दिली, की ती शिकते. आर्याला दहादा तेच ऐकवलं तर ती आत जाऊन दार लावून घेते. तिला चित्रांनी सांगावं लागेल, आधी काय आणि नंतर काय ते, आणि वाट बघावी लागेल. नाव चुकलं की औषध चुकतं.

"आणि दोन्ही असेल तर?" तू म्हणालीस. "असतं ना दोन्ही, एकाच पोरात? असतं. मग? त्या आईच्या डोळ्यात तू आज जी आशा घातलीस ती उद्या कोण काढणार?"

तुला मुलुंडचं ते कुटुंब आठवत होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. मुलीला ऑटिझम आहे म्हटल्यावर तिचे वडील तिच्यातला चमत्कार शोधायला लागले. गणित, पियानो, कॅलेंडर. स्वतःची वेणी घालायला ती तुझ्याकडे शिकत होती ते सोडून तिला घेऊन गेले. तू तिची वाट बघत राहिलीस. ती परत आली नाही.

टाळ्या बंद करून बघितल्यास तूही, हे मी विसरले नाही. एके सोमवारी तू वर्गाला शिकवलंस, टाळी नको, हात वर करून नुसते हलवायचे. पोरांनी हलवले. आर्या प्लास्टरच्या दिवसांनंतर पहिल्यांदाच कानावरून हात काढून बसली होती. सुहानीनं बटण लावलं आणि टाळीची वाट बघत उभी राहिली. सगळे हात हलवत होते, पण तिला ते पुरेना. तिचा चेहरा हळूहळू पडत गेला आणि ती भोकाड पसरून रडायला लागली. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "बोल आता. एकीसाठी बाकीच्यांची टाळी काढून घेऊ? यांना या शाळेबाहेर कोण टाळ्या वाजवतं गं नैना? रिक्षात बसले तरी लोक सरकून बसतात."

म्हणून तर म्हणत होते, तिला वर पाठव. तू म्हणायचीस, तिला काढून नेलंस की मी हरले असं नाही, माझी मुलं हरली. वर्गशिक्षिकेचा अभिप्राय असल्याशिवाय फेरतपासणीला पाठवता येत नव्हतं, आणि तू तो देत नव्हतीस. "देणार नाही असं नाही," म्हणायचीस. "आधी मला पटव."

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, आता सांगते. मी या शाळेत आले तेव्हा माझ्या पिशवीत रंगीत तक्ते होते आणि डोक्यात मोठमोठे शब्द. पहिल्याच महिन्यात एका मुलानं माझ्या दंडाला कडकडून चावा घेतला. मी हादरले होते, नोकरी सोडायच्या बेतात होते. तू मला नळाखाली नेऊन साबणानं दंड धुतलास, हळद लावलीस आणि म्हणालीस, "झकास. आता तू पर्मनंट." मग माझ्यासाठी टाळी वाजवलीस. एकटीनंच, त्या मोरीत. मी थांबले ती त्या टाळीमुळे, फिलू. म्हणजे सुहानी का रडली हे मला नक्की माहीत होतं. मी भांडणात ते कबूल केलं नाही, कारण मग तू जिंकली असतीस.

शाळा उघडली त्या दिवशी मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. "फिलूचा वर्ग सध्या तूच बघ," म्हणाल्या. "आणि त्या आर्याचं राहिलंय ना? आता वर्गशिक्षिका तू. अभिप्राय देऊन टाक, आता कुणाची हरकत नाही." त्या चांगल्या मनानं बोलल्या. मी मात्र खुर्चीत तशीच बसून राहिले. हरकत नाही. इतके आठवडे मी तुझ्याशी भांडले, आणि असं जिंकायचं? तू समोर नाहीस म्हणून? मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. घरी नवरा विचारतो, काय झालं गं, शाळेत काही बिनसलंय का? त्याला सांगायला बसलं तर आधी आर्या कोण, मग ऑटिझम काय, मग मतिमंद काय, असं सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि अर्ध्यात त्याचा चहा संपतो. तुझ्याशी मी कुठूनही सुरू करू शकत होते.

शोकसभा तुझ्याच वर्गात झाली, मोठी खोली तीच म्हणून. वरच्या मुलांनाही खाली आणलं होतं. मोठ्या बाईंनी सांगितलं, आता सगळ्यांनी दोन मिनिटं अगदी गप्प राहायचं. आणि खरं सांगते, सगळी गप्प राहिली. त्या खोलीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. बाहेर मेट्रो गेली तीसुद्धा ऐकू आली.

आर्या उठली. कुणाला न ढकलता, भिंतीकडेनं चालत तक्त्यापाशी गेली. तिनं तुझा फोटो काढला. वेलक्रोचा चर्र असा आवाज झाला. फोटो हातात धरून ती 'घरी'कडे गेली, हात वर नेला, आणि थांबली. तिथे तिनं तो लावला नाही. परत 'शाळेत'कडे आली. तिथेही लावला नाही. मधे उभी राहिली, तक्त्याच्या मधोमध, जिथे काहीच लिहिलेलं नाही.

मी रुमाल शोधायला लागले. आणि त्याच क्षणी तुझा आवाज ऐकू आला, अगदी कानाशी, "उगीच रडू नको यार. तिला वेलक्रो ओढायला आवडतं, बस." असेलही. तुला सांगायला हवं होतं की, तसं नाही, बघ, तिनं दोन्हीकडे नेऊन पाहिलं. आणि तू म्हणाली असतीस, "मग?" आणि मी म्हणाले असते, मग काय, तिला कळलंय! आणि आपण मरोळ नाक्यापर्यंत तेच बोलत गेलो असतो.

दोन मिनिटं संपली. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. इतका वेळ गप्प बसलो, आता काय व्हायचं ते त्यांना ठाऊक होतं, तूच शिकवलेलं. मोठ्या बाई "नाही, नाही" म्हणेपर्यंत सुहानीनं टाळी वाजवली आणि तिच्यामागे सगळ्यांनी. काय कडाडली फिलू ती टाळी. सुहानी उठून वाकली. आर्यानं दोन्ही हात कानांवर दाबले, तुझा फोटो एका हाताखाली चुरगळला. मी टाळ्या थांबवू शकले असते. थांबवल्या नाहीत. त्या तुझ्या होत्या. मी आर्याला घेऊन वर माझ्या वर्गात गेले आणि दार लावून घेतलं.

अभिप्राय मी दिला. 'ती तशी नाही' हे कुठेही लिहिलं नाही. चमचा मागितल्यावर ती काय देते, टाळी वाजली की काय देते, प्लास्टरच्या दिवसांत काय झालं, एवढंच लिहिलं. ऑटिझम असावा, बौद्धिक अक्षमता आहे की नाही ते शांत खोलीत बघावं, दोन्हीही असू शकेल, असं लिहिलं. आणि आईला बसवून सांगितलं की निकाल काही आला तरी आर्या स्वतःची वेणी घालायला शिकेल, ते मी शिकवेन. हे वाक्य तुझ्यासाठी होतं. आता सकाळी ती वर माझ्याकडे असते. दुपारी मी खाली तुझ्या वर्गात जाते आणि मुलांसाठी टाळ्या वाजवते. माझी टाळी तुझ्यासारखी वाजत नाही, सुहानी तोंड वाकडं करते.

तो चुरगळलेला फोटो मी वहीखाली दाबून सरळ केला. काल वर्गात तो आर्यासमोर ठेवला, शेजारी माझा ठेवला. खालून काही आवाज येत नव्हता. मी म्हटलं, "फिलू टीचर दे."

तिनं जरा वेळ घेतला. मग तुझा फोटो उचलून माझ्या हातात दिला.

माझे हात वर येत होते, ते मी मांडीवर घट्ट धरून ठेवले. शाब्बाससुद्धा म्हटलं नाही. ती खिडकीकडे बघायला लागली. सुट्टी संपली गं फिलू. ये ना भांडायला.